ठकूबाई आणि माझा प्रबंध

"आई गेली ओ ताई. खांद्याला चार माणसं न्हाई मिळाली, पिकअपमधून न्यावी लागली..." महिन्यापूर्वी सुमननं फोनवर सांगितलं. तिची आई ठकूबाई, तळेघरच्या पुढच्या एका वाडीतली, शेवटपर्यंत वाळीतच राहिली. ऐकून रडू आलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं तर आधी लाज वाटली.

मी मानववंशशास्त्राची. प्रबंधासाठी दोन भातलावण्या ठकूबाईंच्या पडवीत राहिले. बाई तापट, कष्टाळू आणि माझी खोडी काढण्यात पटाईत. मी वही उघडली की म्हणायच्या, "आली तलाठीण! लिही, आज नाचणीची भाकर करपली." त्याच वर्षी नवऱ्याचा मार खाऊन सुमन माहेरी परतली. पंचांनी तिला परत पाठवायला सांगितलं, ठकूबाईंनी साफ नकार दिला. मग बैठक घेऊन पंचांनी त्यांचं घर वाळीत टाकलं; विहीर बंद झाली, लावणीला कुणी येईना. पंचांच्या त्या बैठकीत मी कोपऱ्यात बसून शब्दन् शब्द टिपून घेतला होता.

पुढे वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला, तेव्हा ठकूबाई एस.टी.नं पुण्याला माझ्या दारात आल्या. "पोलिसात चल. तू व्हतीस तिथं. तुज्या वहीत समदं हाये."

मी चहा केला आणि समजावत बसले. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं आम्ही बाहेर काढत नाही, म्हणून तर प्रबंधात नावंही बदललीत. बाहेरचं माप गावाला लावायचं नाही. गावाची रीत गावाची.

"आनि मी कुटली गं?" त्या म्हणाल्या. "मी गावातली न्हाई?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. तो तसाच ठेवून त्या निघून गेल्या. साक्षीदाराविना तक्रार बारगळली. माणसाचे हक्क सगळीकडे सारखेच असतात का, यावर मी मात्र पुढे वर्षानुवर्षं वर्गात छान बोलत राहिले.

तेराव्याला गेले. घरात सुमन एकटीच होती. तिनं फळीवरून माझं पुस्तक काढून दिलं. प्रबंध छापून आल्यावर मीच कौतुकानं पाठवलेली प्रत. ठकूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून वाचायच्या. बैठकीचं पान दुमडलेलं होतं. "पंचांचा निर्णय गावातील सर्वांना मान्य होता," असं मी लिहिलं होतं. 'सर्वांना'खाली पेन्सिलीची रेघ होती, आणि समासात मोठाल्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "मला नव्हता. ठकूबाई."