दुपट्ट्याचं टोक

गिरजा गेली त्याला पाच आठवडे झाले. मी दूध आणायला गेलो होतो, शेजारीण धावत आली, "बाबाजी, लवकर चाला..." पोचलो तर स्टोव्हवर चहा उकळत होता आणि माझी बायको भिंतीला टेकून बसलेली. संपलं होतं. मी दुसरी शिकलेला माणूस, जन्मभर वाडीच्या गोदामात पोती वाहिली. मला गोड लिहिता येत नाही. पण ही बाई एकदा जिंकली होती, ते लोकांना कळलं पाहिजे.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. माझं अपेंडिक्स फुटलं, पोट कापावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, ताप चढला, पोट फुगलं, उलटी झाली, टाक्यातून पाणी आलं, तर वाट पाहू नका. मी ऐकलं नाही, तिनं ऐकलं. हमालाला कमर बांधल्याशिवाय उभं राहवत नाही, म्हणून ती माझा ओझ्याचा दुपट्टा, म्हणजे पोती उचलताना कमरेला गुंडाळायचं लांब फडकं, ड्रेसिंगवरून सैलसर बांधून द्यायची. दोन वेढे, गाठ, आणि टोक मांडीच्या मध्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी ती टोकाकडे पाहतच राहिली. "हे चार बोटं वर काहून आलं जी?"

"तूच कसून बांधलं असशील."

"कसून बांधलं असतं त टोक खाली आलं असतं. पोट वाढून राहिलं तुमचं. वारा सरला का?"

सरला म्हणालो. खोटं बोललो. दोन दिवस सरला नव्हता, अंगात कणकण होती, पण परत त्या खाटेवर जायची भीती... दुसऱ्या सकाळी हिरवी उलटी झाली आणि खोटं उघडं पडलं.

नेमका तेव्हाच सावनेरहून माझा थोरला भाऊ आला, एरंडीच्या तेलाची बाटली घेऊन. ओझं उचलून हमालाचं पोट दुखलं की आम्ही म्हणतो बेंबी सरकली, आणि ती चोळून बसवण्यात दादाचा हात नावाजलेला. त्याने बाह्या सारल्या. मीही दुपट्टा सोडला. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, गिरजाने वीस वर्षांत तोंड उघडलं नव्हतं; पदर नाकापर्यंत. ती मधे येऊन उभी राहिली. "हात नका लावू. बेंबी नाही सरकली, आत काही बिघडलं."

"भासऱ्याले शिकवून राहिली!" दादा ओरडला.

"चूप बस वं," मी म्हणालो.

"तुमची बेंबी जाग्यावर हाय, अक्कल सरकली," ती मला म्हणाली, आणि अमरावती रोडवर जाऊन तिनं ट्रक अडवला. मला त्यात घालून दवाखान्यात नेलं, दादाही मागे चढला.

डॉक्टरांनी पोट पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "कोणी चोळलं तर नाही?"

"मी चोळू नाही देलं."

आत पू साचला होता. तो काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "चोळलं असतं तर पोटभर पसरला असता. बाई, यांना तुम्ही वाचवलं." दादा बाटली धोतरात लपवत होता. गिरजाने पदर सावरला, पण नाकापर्यंत काही ओढला नाही... परत कधीच नाही. पुढे दादाकडे कोणी पोट घेऊन आलं की तो आधी टाके शोधायचा, दिसले की म्हणायचा, "दवाखान्यात जा गा, आमच्या गिरजाबाईचा हुकूम हाय." तिच्या मातीच्या दिवशी त्या म्हाताऱ्याने भावसुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. असं आमच्यात कोणी करत नाही.

दुपट्टा खुंटीला आहे. मी रोज बांधतो, दोन वेढे, गाठ. या पाच आठवड्यांत टोक गुडघ्याखाली गेलं. ती काय म्हणाली असती, मला माहीत आहे: "जेवून नाही राहिले का जी?"... मग मी उठतो, पीठ मळतो. टोक परत मांडीवर आलं पाहिजे.