युसूफने न बनवलेलं कॅरिअर

युसूफ गेल्याची बातमी मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळली. असेंब्लीतला शिंदे समोर येऊन बसला आणि डबा उघडता उघडता म्हणाला, "काळेवाडीचा युसूफ वेल्डर गेला म्हणे परवा. छातीचं दुखणं होतं." शेजारी बसलेल्या नव्या इंजिनिअरने विचारलं, "कोण युसूफ?" तेव्हा शिंदे म्हणाला, "अरे तोच, ज्याचं सायकली न्यायचं कॅरिअर कामशेतजवळ गाडीच्या टपावरून सुटलं होतं. या साहेबांचीच गाडी होती ती." मी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडत राहिलो... माणसाला जाऊन दोन दिवस झाले होते आणि त्याची एवढीच ओळख मागे उरली होती. तीही खोटी. ते कॅरिअर युसूफने केलेलं नव्हतं. त्याने ते पाहिलंसुद्धा नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी चार वर्षं गप्प बसलो.

युसूफ आणि मी बासष्ट साली एकाच महिन्यात कंपनीत लागलो. तेव्हा पिंपरीच्या रस्त्याला शेडपेक्षा शेतंच जास्त होती. मी फॅब्रिकेशनमध्ये शिकाऊ होतो. युसूफ माझ्याच वयाचा, पण वडिलांच्या हाताखाली वेल्डिंग शिकून आलेला. सांधा झाला की तो त्यावर लहान हातोडी मारायचा आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचा. आवाज भरीव आला तर पुढे, बद्द आला तर तोडून पुन्हा. फोरमन वैतागायचा. "अरे, सतार लावतोस का?" युसूफ म्हणायचा, "सतार बिघडली तर बेसूर वाजंल साहेब, हे बिघडलं तर कुणाच्या तरी डोक्यात पडंल." पुढे मी परीक्षा देत सुपरवायझर झालो. तो कंपनी सोडून काळेवाडीत स्वतःचं दुकान घालून बसला. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड. आमच्या सोसायटीची सगळी गेटं त्याचीच आहेत. एकाचीही बिजागरी आजवर निसटलेली नाही.

कंपनीत दोन वर्षं राहून मायदेशी परतलेल्या एका परदेशी इंजिनिअरची छोटी गाडी मी घेतली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. तिला डिकी नव्हती, मागचं दार काचेसकट वर उघडायचं. चिंचवडात तशी गाडी दुसरी नव्हती. सुट्टीच्या दिवशी लोक ते दार उघडून दाखवायला सांगत आणि मी खुशीने दाखवत असे. त्याच सुमारास मी कंपनीच्या सायकल क्लबचा सेक्रेटरी होतो. खंडाळ्याला शर्यत ठरली. दोन चांगल्या सायकली माझ्या गाडीच्या टपावरून न्यायच्या, असं मीच सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि टपावर कॅरिअर करून द्यायला युसूफला बोलावून घेतलं.

तो आला तेव्हा शिंदे आणि क्लबची आणखी दोन-तीन माणसं तिथेच होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "मागचं दार पुरतं उघडा." मी उघडलं. त्याने टपावर हात ठेवून दाखवलं, "हितं दांडा बसवला तर दार वर येऊन त्यावरच आपटंल. म्हणजे मागचा दांडा पुढं घ्यायला लागणार. दोन दांडे जवळ आले की सायकल आडवी टाकता येत न्हाई. उभीच करायची. पुढचं चाक काढायचं आणि ते धरणारा फोर्क दांड्याला आवळायचा." नंतर तो वाकून टपाच्या कडेची पन्हळ बोटाने चाचपत राहिला. "ही बघा, कागदासारखी पातळ हाय. आपल्याकडच्या मोठ्या गाडीचे क्लॅम्प हिला धरायचे न्हाईत. हिच्या मापाचे पाय करावे लागतील, आतून रबर लावून. दहा दिवस द्या."

"शर्यत येत्या रविवारी आहे," मी म्हणालो.

"मग या खेपेला सायकली टेम्पोनं धाडा, वसंतराव. गाडी कुठं पळून जातीय?"

शिंदे हसला, "टेम्पोतून आले तर साहेबांची गाडी कोण बघणार?" सगळे हसले, मीही हसलो. पण शिंदे खरंच बोलला होता. शर्यतीला वर्क्स मॅनेजर येणार होते. त्यांच्यासमोर टेम्पोमागून यायचं मला नको होतं. आणि आज लिहायचंच आहे तर हेही लिहितो, युसूफचे काळा रंग दिलेले पाईपही त्या गाडीवर मला नको होते. युसूफ मापं घेऊन गेला. मी त्याला नको म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन चकचकीत तयार कॅरिअर घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "सगळ्या गाड्यांना बसतं." मला तेवढंच ऐकायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी ते एकट्यानेच बसवलं. क्लॅम्प पन्हळीत नीट शिरत नव्हता, नुसता कडेवर टेकत होता. दांडा हलवून पाहिला तर किंचित सरकला. फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळत नाही असं होत नाही. मला कळला होता. मी काय केलं, तर सायकलींची दोरी जास्त आवळली.

कामशेतच्या पुढे समोरून एक ट्रक जोरात गेला. त्याच्या वाऱ्याने की काय, टपावर करकर आवाज झाला आणि आरशात मला दोन्ही सायकली, दांड्यासकट, रस्त्यावर घसरत जाताना दिसल्या. मागून येणाऱ्या एसटीने ब्रेक मारला, तरी एक सायकल चाकाखाली गेलीच. कुणाला लागलं नाही. माझ्याबरोबर आमचा शर्यतवीर माने होता. वर्षभर पहाटे उठून त्याने सराव केला होता. तो रस्त्याच्या कडेला वाकडं झालेलं चाक मांडीवर घेऊन बसला. 

सोमवारी कॅन्टीनमध्ये वर्क्स मॅनेजर आमच्या टेबलाशी थांबले. "कॅरिअर कुणाकडून करून घेतलं होतं?" माझ्या आधी शिंदेच बोलला, "युसूफ माप घेऊन गेला होता ना त्या दिवशी? दहा दिवसांचं काम घाईत उरकलं असणार." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'नाही, ते मी विकत आणलं होतं' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या, कुणाला लागलं नाही हे नशीब." मी खोटं बोललो नाही, असं पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत होतो...

त्या वेळी कंपनीच्या सहा बसगाड्यांवर सामानाची कॅरिअरं बसवायचं काम निघालं होतं आणि ते युसूफलाच मिळणार हे जवळपास ठरलं होतं. त्या भरवशावर त्याने शेजारचा गाळा घेतला होता, दोन माणसं ठेवली होती. "ज्याला दोन सायकली धरता येत नाहीत, त्याला सहा बस कशा द्यायच्या?" असं म्हणून मॅनेजरांनी त्याचं नाव वगळलं. मी त्या बैठकीत होतो. पुढे ही गोष्ट काळेवाडीपर्यंत पोचली. गेट सांगायला आलेली माणसं दात काढून विचारू लागली, "युसूफभाई, उघडल्यावर हातात तर नाही ना येणार?" आधी ती दोन माणसं गेली, मग शेजारचा गाळा. शेवटी शेवटी तो शेगड्यांचे स्टँड आणि सायकलींची मोडकी कॅरिअरं जोडून द्यायचा.

त्या प्रकारानंतर महिनाभराने तो एकदा माझ्या घरी आला होता. चहा घेतला. बशी खाली ठेवत विचारलं, "वसंतराव, क्लॅम्प कुठला होता तो?" मी म्हणालो, "पुण्याहून आणला होता." "हां," तो म्हणाला. मग उठताना म्हणाला, "कुणाला लागलं न्हाई, हे बरं झालं." तेच वाक्य, जे मी कॅन्टीनमध्ये म्हणालो होतो. ते त्याच्या कानावर गेलं होतं की त्याला आपसूकच तसं वाटलं, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. त्यानंतर त्याच्या दुकानाकडे माझी पावलं वळली नाहीत. यंदा तो हॉस्पिटलात आहे असं कळलं, तेव्हाही आज जातो, उद्या जातो, असं करत राहिलो.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी काळेवाडीला गेलो. त्याची बायको हमीदाभाभी दुकान रिकामं करत होत्या. ते कुणालातरी भाड्याने द्यायचं ठरलं होतं आणि एक माणूस चुन्याची बादली घेऊन भिंती रंगवायला आला होता. आतली भिंत पांढऱ्या डागांनी भरलेली दिसली. भाभी म्हणाल्या, "कामाची मापं भिंतीवरच लिहायचे, लाल रंगानं. काम गिऱ्हाइकाच्या घरी पोचलं की त्यावर चुन्याचा हात मारायचे. तोवर न्हाई." डागांच्या मधोमध एकच लाल मजकूर शाबूत होता. 'वसंतराव, छोटी गाडी.' खाली टपाची रुंदी, पन्हळीची जाडी, मागच्या दारापासूनचं अंतर. "मी दोनदा म्हटलं, आता कशाला ठेवलंय ते. म्हणाले, ते काम राहिलंय अजून."

मी तिथल्याच स्टुलावर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक हाय, भाऊ. त्यांनी सांगितलं होतं. मला सांगून काय होणार? त्यांचा सांधा सुटला असं मी कधी म्हटलं का? जे म्हणतात त्यांना सांगा."

रंगवणाऱ्याने ब्रश त्या मजकुरापर्यंत आणून विचारलं, "हे बुजवू?" भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हणालो, तेवढं राहू दे, मी सांगेन तेव्हा बुजव.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी शिंदेला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "मग तेव्हा का नाही बोललात साहेब?" त्याने विचारलं. मॅनेजरांसमोर लाज वाटली, एवढंच मी म्हणालो. पण ती गोष्ट एका टेबलावरून गावभर गेली होती, एका टेबलावर सांगून ती परत येणार नाही. म्हणून इथे, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. ते कॅरिअर मी विकत आणलं, मी बसवलं, ते सरकतंय हे मला दिसलं होतं. युसूफ तर सायकली टेम्पोनं धाडा म्हणाला होता.

परवा काळेवाडीवरून आलो. दुकानाच्या भिंती पांढऱ्या झाल्या आहेत, त्या लाल मजकुराचा हातभर तुकडा सोडून.