एकवीस शुभेच्छुक आणि एक नाव

“दिसतंय न्हवं? मग झालं तर!” एवढं बोलून ती तारेच्या जाळीला नाक लावायची, कॅमेरा डोळ्याशी धरायची, आणि पुढचे दोन तास जगाशी तिला काही देणंघेणं नसायचं. शर्यत संपली की कपाळावर आणि गालावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. तसंच तोंड घेऊन ती निमोण्याच्या एसटीत चढायची.

माझा न्हावऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, आणि पोट भरतं ते फ्लेक्सवर. ती सणसवाडीच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामावर होती. चाळिशीची बाई. एक दिवस दुकानात येऊन तिनं माझा जुना कॅमेरा विकत मागितला. मला वाटलं, घरातले वाढदिवस काढायचे असतील. म्हणाली, “भाऊ, मला गाड्यांच्या रेसचं फोटू काढायचं हायत.”

आमच्याकडे दिवाळी झाली की महिनाभर दर रविवारी माळावर मोटारसायकलच्या शर्यती होतात. जेसीबीनं मातीचे उंचवटे करायचे आणि त्यांवरून गाड्या उडवायच्या. माइकवर बैलगाडा शर्यतीतलाच निवेदक. तो गाड्यांनाही “भिर्रर्र” करून हाकलतो. एकदा एक गाडी माणसांत घुसली, तेव्हापासून चारी बाजूंनी जाळी आली. आत जायला गळ्यात पास लागतो. माझ्या गळ्यात होता.

तिचे पहिले फोटो बघून मी पोट धरून हसलो. जाळीची तार न् तार सुईसारखी स्पष्ट, आणि मागं गाडीच्या जागी लाल फराटा. “ताई, तारेच्या कंपनीची जाहिरात केली का काय?” मी म्हणालो. ती हसली नाही. “रिजेक्ट,” म्हणाली आणि एकेक करून सगळे पुसून टाकले.

त्या उन्हाळ्यात तिनं काय करावं? घरच्या कांद्याच्या चाळीला जाळी होती. ही आत बसायची आणि बाहेर सासूबाई कोंबड्या पळवायच्या! म्हातारी मला भेटली तेव्हा कुरकुरत होती, “ह्या वयात मला पळाया लावती बघा. कोंबड्या अंडी घालंनात.” पण पळत होती हे खरं.

दिवाळीनंतर ती पुन्हा माळावर आली आणि मला शिकवायला लागली. “लांब हुबं ऱ्हायलं की जाळीच दिसती. भिंग पार तारंला टेकवायचं, त्येचं तोंड सगळं उघडं ठेवायचं, मंग तार जाती कुठं त्ये कळतबी न्हाई.” वीस वर्षं धंद्यात असून मला हे ठाऊक नव्हतं. मला कधी जाळीबाहेर उभंच राहावं लागलं नव्हतं.

मी तिच्यासाठी पास मागितला. आयोजक म्हणाले, “बायामाणसाचं तिथं काय काम?” तिला सांगितलं तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या त्यांचा पास त्यांच्याच गळ्यात.”

आता शेवटच्या शर्यतीचं ऐका. निमोण्याचा दूध घालणारा एक गडी शेवटच्या उंचवट्यावर पुण्याच्या नामांकित गाडीच्या डोक्यावरून गेला. सगळा माळ ओरडला. आणि पासवाला मी? मी पाठमोरा होतो! व्यासपीठावर साहेबांचा सत्कार चालला होता, आणि फेटा काही केल्या बसेना. आयोजकांनी बजावलंच होतं, गाड्या चुकल्या तरी चालतील, साहेब चुकता कामा नयेत.

ती उडी एकट्या तिच्याकडे होती. आणि काय फोटो! मातीचे कणसुद्धा हवेत मोजून घ्या.

आयोजकांना तो फ्लेक्सवर हवा झाला. तिनं एकच अट घातली. “खाली माझं नाव पायजे. बारीक चालंल, पन पायजे.” मी शब्द दिला. डिझाइन बघायला आयोजक आले आणि म्हणाले, “एकवीस शुभेच्छुक हायत, त्यात ही कोन? काढ.” मी काढलं. खोटं कशाला बोलू? धंद्याला घाबरलो आणि काढलं.

कंपनीच्या बसमधून तिनं फाट्यावरचा फ्लेक्स बघितला. रविवारी भर दुपारी दुकानात आली. हातात काळ्या ऑइलपेंटचा डबा.

“भाऊ, नाव?”

“जागा नव्हती, ताई.”

“एकवीस थोबाडांना हुती?” तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. “शिडी द्या.”

दिली. नुसती दिली नाही, फाट्यावर जाऊन धरलीसुद्धा. तिनं आडवं, वीतभर उंच अक्षरांत, खालच्या रांगेतल्या शुभेच्छुकांच्या गळ्यांवरून आपलं पूर्ण नाव लिहिलं. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “ए बाई, काय चाललंय?”

“सही करतीया. फोटू माजा हाय!”

संध्याकाळी आयोजकांचा फोन आला. उद्याच्या उद्या नवीन छाप म्हणाले. “छापणार नाही,” मी म्हणालो. त्यांची कामं तेव्हापासून दुसरीकडे जातात. जाईनात का! आणि जुना फ्लेक्स उतरवायचा कुणी? वर साहेब आहेत. साहेबांना खाली ओढायची कुणाची छाती?

पुढच्या वर्षी कंपनीनं तिला गुजरातच्या नव्या कारखान्यात सुपरवायझर करून नेलं. कॅमेरा तिनं बरोबर नेला. मला तिची फार आठवण येते, आणि आठवण आली की शरमही वाटते.

फ्लेक्स अजून फाट्यावर आहे. दोन उन्हाळ्यांत छापलेली शाई उडाली. साहेब पांढरेफटक झाले, एकवीसजणांत आता कोण कोण होतं ते त्यांच्या घरच्यांनाही सांगता यायचं नाही. ऑइलपेंट मात्र तसाच आहे. तिचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरा आणि वर बघा. लांबून वाचता येतं.