हाताने चाळलेली भाजणी

वहिनींनी माझ्या हातातून सोन्याच्या बांगड्या उतरवून घेतल्या, टिश्यूवर सॅनिटायझर ओतलं आणि एकेक बांगडी पुसली. आतून, बाहेरून. माझ्यासमोर. मग स्वतःच्या हातात चढवल्या. मी पिठाने भरलेले हात तसेच पुढे धरून उभी होते.

दहा मिनिटंच होत्या त्या माझ्या हातात. व्हिडिओपुरत्या.

वहिनी म्हणजे माझ्या मालकीणबाई. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांचा पिठा-मसाल्यांचा कारखाना आहे. त्या पुण्याच्या, मी लातूरकडची. वय दोघींचं सारखंच. कामावर घेताना त्यांनी आडनाव विचारलं, "बरं बरं" म्हणाल्या आणि माझा चहाचा कप वेगळा ठेवला. विकायचं पीठ मात्र माझ्या हातचं चालतं.

चकलीची भाजणी दळून आली की मी ती बारीक चाळणीतून काढते. एका हाताने चाळण धरायची, दुसऱ्या तळव्याने कडेला थापट्या मारायच्या. वर राहिलेली भरड पुन्हा दळायला. ती चुकून खाली गेली तर चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते. पाच वर्षांत माझ्या भाजणीची एक तक्रार नाही.

पाकिटावर फोटो वहिनींचा. खाली लिहिलंय, "हाताने चाळलेली."

मला त्यांचा हेवा वाटायचा. हेवा कसला, जळायचे मी त्यांच्यावर. बांगड्यांवर जळायचे, गोऱ्या मनगटांवर जळायचे. दुकानात बायका त्यांना म्हणायच्या, "काय चव आहे हो तुमच्या हाताला," आणि मी मागे खोकी उचलत ते ऐकायचे.

व्हिडिओत वहिनींना चाळून दाखवायचं होतं. जमेना. पीठ ओट्यावर, पीठ साडीवर. मग हात माझे घेतले आणि बांगड्या त्यांच्या चढवल्या. "मान मागे घे, चेहरा नको यायला." मोबाइल त्यांच्या मुलीच्या हातात होता. वहिनी तिला म्हणाल्या, "हात फार काळे दिसतायत गं."

"रिलॅक्स मम्मा, आय विल ब्राइटन देम."

आणि मग तो टिश्यू.

मला आई आठवली. ती गावात लोकांचं धान्य चाळायला जायची. काम झालं की तिने वापरलेल्या चाळणीवर पाणी शिंपडायचे, मगच ती घरात घ्यायचे. आई खाली बघायची. विमानात बसून इतक्या लांब आले आणि मीही खालीच बघितलं. त्याची लाज वाटली. जळणं होतंच, आता ही लाजही.

दिवाळीआधी दुसरा व्हिडिओ ठरला. वहिनींनी बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या.

"यल्ला, घाल पटकन. ऊन जाईल."

मी हात मागे घेतले. "चेहरा घेणार असाल तर चाळते."

"तुझा चेहरा कोण बघणार आहे?"

"मग हातही नका दाखवू."

मुलीने मोबाइल खाली केला. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "व्हिसा कोणी काढलाय, विसरू नकोस."

"नाही विसरले. करारात चाळायचं काम लिहिलंय. तुमचे हात व्हायचं कुठे लिहिलंय?"

बोलून तर गेले. गावाकडे दोन मुली माझ्या पगारावर शिकतायत.

वहिनींनी स्वतः चाळण उचलली. चार हिसके दिले. भरड काठावरून उडून बारीक पिठात पडली. सगळं पीठ पुन्हा चाळावं लागणार होतं. मी जागची हलले नाही. मला बरं वाटलं, तेही सांगून टाकते.

व्हिडिओ झाला नाही. नोकरी आज आहे, उद्या खलासही होईल. त्यांचा हेवा अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण माझ्या तोंडावाचून माझे हात आता कुठे जाणार नाहीत.

बांगड्या ओट्यावर तशाच पडून होत्या. वहिनींनी उचलून हातात चढवल्या. या वेळी पुसाव्या लागल्या नाहीत, मी त्यांना शिवलेच नव्हते. यापुढेही शिवणार नाही.