द्वारकाबाईंची दौत माळ्यावर गेली

आई आता कुणाशी भांडतसुद्धा नाही, हे सरोजच्या मनातून जाईना. डोंबिवलीला भावाकडे, बाळकडे, दोन दिवस राहून ती नुकतीच ठाण्याला परतली होती. तिची आई, द्वारकाबाई, नुसत्या खिडकीशी बसून. वाढलं की जेवायच्या, सांगितलं की उठायच्या. वडील गेले तेव्हाही अशाच झाल्या होत्या. आमटीत दोनदा मीठ, नातवंडांच्या नावांत घोळ.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते लिहिण्यानं. वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकाला कुणीतरी गोष्ट मागितली आणि चौसष्टाव्या वर्षी बाई दौत-टाक घेऊन बसल्या. भूक लागू लागली, झोप येऊ लागली. "सरोज, नवऱ्यावर चिडलेली बाई भाकरी कशी थापेल गं?" असं विचारून स्वतःच धपाधप थापून दाखवायच्या. वाचनालयात मैत्रिणी झाल्या.

अंक घरोघर फिरला. गोष्टीतली सून लोणच्याची बरणी सासूपासून कुलपात ठेवते. झालं! गल्लीनं ठरवून टाकलं, ही त्यांची सून हेमाच. नळावर बायका बाळच्या बायकोला विचारू लागल्या, "हेमाताई, किल्ली कमरेला की उशाखाली?" हेमा रडली. बाळनं आईची दौत माळ्यावर टाकली.

"अरे, मनानं रचलेली गोष्ट आहे ती!" सरोज त्याला म्हणाली होती.

"लोकांना कोण सांगणार? या वयात जपमाळ घ्यावी माणसानं."

"मग तू घे ना!"

हेमा दारातून हळूच म्हणाली, "मी काही दौत काढून घ्या म्हटलं नव्हतं हो."

बाळनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

घरी आल्यावरही सरोजचा संताप उतरेना. चार बायका फिदीफिदी हसल्या, त्यांना उत्तर द्यायला याची जीभ उचलली नाही. म्हणून आईचे हात बांधायचे? जिवंत झालेलं माणूस पुन्हा भिंतीला टेकवायचं आणि त्याला घरची अब्रू म्हणायचं?

"खालच्या दवाखान्यातून बाळच्या ऑफिसात फोन करते," ती नवऱ्याला म्हणाली.

मधु दचकला. "अगं, ऑफिसात घरचा फोन म्हणजे त्याला वाटेल, कुणीतरी गेलं."

"वाटू दे. आई चाललीच आहे, फक्त त्याला दिसत नाहीये. आज दौत खाली आली नाही, तर उद्या मी आईला इथे घेऊन येणार. साहेबासमोर ऐकू दे त्याला."

तिनं पदर खोचला आणि जिना उतरू लागली.