पत्र्याच्या माणसाला दिलेला आवाज

सावलीला बसस्टँडजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कॅसेटचे दिवस होते. महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, मार्कंड्याच्या जत्रेला निघालेला एक माणूस टेम्पोतून रोबोट घेऊन आला. पत्र्याचा, चंदेरी रंगाचा, माणसाएवढा. डोळ्यांत लाल बल्ब, मान फिरवायला ट्रकच्या वायपरची मोटर, पोटात टेपरेकॉर्डर. गिऱ्हाइकानं कानाला हेडफोन लावायचा आणि रोबोटनं भविष्य सांगायचं. त्याला एवढंच येत होतं, आणि कॅसेट अडकल्यापासून तेही येत नव्हतं.

टेपरेकॉर्डर मी तासाभरात चालू केला. कॅसेट मात्र कामातून गेली होती. तशीही ती हिंदीत होती आणि तिच्यात विदेशयात्रेचा योग होता.

"इथचे लोक ऐकून हासतेत," मालक म्हणाला. "भाऊ, तुम्हीच बोला ना, आपल्या भाषेत."

मी बोललो. आवाज यंत्राचा वाटावा म्हणून रिकाम्या माठाच्या तोंडाशी माइक धरून, एकेक शब्द तोडून बोललो. दहा-बारा भविष्यं, एकामागून एक. ज्याची पाळी येईल त्याच्या वाट्याला पुढचं. आमच्याकडे कोण कशाची वाट बघतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. धानाला पाणी, पोराला नोकरी, पोरीला स्थळ. शिवाय त्या दिवसांत घरोघरची माणसं मिरची तोडायला आंध्रात गेलेली असायची. म्हणून एक असंही ठोकून दिलं: "गेलेला माणूस येईन. वाट पाहा." मालक खूश झाला. मीही झालो.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तीन वर्षांपूर्वी मिरचीलाच गेला होता. सोबतचे सगळे परतले, तो नाही. बहीण माझ्याच घरी राहायची. त्या हिवाळ्यात गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातल्या एका विधुरानं तिला पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, मागणी घातली होती. आमच्यात पाट लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणूस सरळ होता. "जत्रेहून आल्यावर सांगीन," बहीण म्हणाली होती. कॅसेट भरताना ती माझ्या मनात होती का? नव्हती. हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तराचा काही उपयोग उरलेला नाही.

जत्रेत मोटर नीट चालते का बघायला मी रोबोटजवळ उभा होतो. बहीण रांगेतून आली, हेडफोन लावला. पत्र्याची मान फिरली, डोळे पेटले. आत कोणतं भविष्य चाललंय, ते मला बाहेरून ऐकू येत नव्हतं. तिनं हेडफोन काढला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि चालायला लागली.

घरी आल्यावर म्हणाली, "त्यायले नाई म्हणून सांग."

"काऊन?"

"तो येईन."

तेव्हा मला कळलं. तो आवाज माझा होता, त्यात काही खरं नाही, एवढं सांगायला क्षणभर पुरला असता. मला लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू करता करता गडचांदूरच्या माणसाचं दुसरीकडे जमलं. मग सांगणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

पाच-सहा वर्षांनी बहीण दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवर जपानातला यंत्रमानव दाखवत होते. तो चालायचा, हात मिळवायचा, एकट्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायचा. किंमत ऐकून मी शीळ घातली. मग धीर करून म्हणालो, "यंत्राचं ऐकू नये माणसानं."

"यंत्राचं कोन ऐकते, दादा," ती डबा उघडत म्हणाली. "तुझा आवाज होता ना. मले नाई ओळखू येनार? मले वाटलं, तुले काही समजलं असन. घरी सांगता येत नसन, म्हणून तिथं सांगून राह्यला."

मला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. हातातली तार सोलत राहिलो.

तिनं भाजी वाढली, पोळी ठेवली.

"समजलं होतं ना तुले?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. या खेपेला माठ लागला नाही.