बारकीच्या भोपळ्यातलं पाणी

धाकल्या तांब्या न्यायला आला तेव्हा बारकी ओटी सारवत होती. हात कोपरापर्यंत शेणात. म्हणून तिला तो हिसकावून घेता आला नाही, आणि ही गोष्ट ती पुढं कित्येक वर्षं सांगत राहिली: "हात सारवणात नसते ना, तर दाखवलं असतं त्याला."

तांब्या दिसायला काही नव्हता. सासऱ्याच्या वेळचा, गळ्यापाशी चेपलेला, बुडाला डाग लावलेला. वर्षभर कणगीच्या मागं उपडा पडायचा आणि वर्षातून एकदाच बाहेर निघायचा, दिवाळी उलटून डोंगरावरचं गवत पिवळं पडलं की.

सायवनच्या पलीकडं, बेहडपाड्याच्या पाठीशी नांगऱ्या डोंगर उभा आहे. उभाच म्हणायचा, बसका नव्हे. अंगावर गवत आणि माथ्यावर तुटक्या दातासारखा कातळ. ते गवत पाड्यातल्या घरांनी वाटून घ्यायचं, कापायचं, भारे बांधून फाट्यावर ट्रकात चढवायचं. ते मुंबईच्या तबेल्यांना जातं. भात सरलं तरी गवतावर घर तगतं. पण विळा लावण्याआधी एक दिवस डोंगर चढायचा. प्रत्येक घरानं आपल्या पाणवठ्याचं पाणी त्यासाठीच राखलेल्या तांब्यातून वर न्यायचं, माथ्यावरच्या देवाच्या दगडावर ओतायचं, आणि मग हाल्या भगत तिथूनच काठीनं दाखवणार, हा उतार तुझा, तो त्याचा. ज्या घराचं पाणी वर आलं त्या घराला वाटा. ज्याचं आलं नाही ते घर बंद. आणि वाटेत पाणी भुईला टेकवायचं नाही. टेकलं की ते भुईनं प्यायलं, तुमचं राहिलं नाही.

त्या पावसाळ्यात बारकीचा नवरा पांड्या तापानं गेला. साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं असेल. पाड्याच्या फाट्यावर एसटी नुकतीच थांबायला लागली होती, पण पांड्याला त्या एसटीपर्यंत नेईस्तोवर उशीर झाला होता. मागं राहिल्या दोघी, बारकी आणि तिची सासू भिकी. पाडा तिला डोसीच म्हणायचा, म्हणजे म्हातारी. डोसीचे डोळे पांढरे झालेले, पण तोंडाची धार शाबूत.

"वयनी, तांब्या नेतो," धाकल्या म्हणाला. पांड्याचा पाठचा भाऊ, समोरच घर. "यंदा दोन्ही घरांचं पाणी मीच चढवीन."

"दोन घरांचं, एका तांब्यात?"

"बापाच्या वेळी एकच घर होतं ना."

"बापाच्या वेळी तू नागडा हिंडायचास. आता हिंडतोस का?"

धाकल्या तसा वाईट माणूस नव्हता. पांड्याला खांद्यावर टाकून फाट्यापर्यंत धावला होता तोच. पण त्याला मनापासून वाटत होतं की बाप्या नसलेलं घर म्हणजे दावं तुटलेली गाय. कुणीतरी आपल्या गोठ्यात आणून बांधायला हवी. "उपाशी ठेवणार हाय का मी तुला? डोसीला घेऊन आमच्याकडं ये. एक कोपरा देतो."

"कोपरा कोंबडीला दे," बारकी म्हणाली. तो तांब्या काखोटीला मारून गेला.

आत डोसी खोकली. "गेला का माझा लेक?"

"गेला. तांब्या घेऊन गेला."

"ऐकलं मी. डोळे गेलेत, कान हायत." मग म्हणाली, "तांब्या माझ्या लग्नानंतर आला गे. तलासरीच्या बाजारातनं आणला होता तुझ्या सासऱ्यानं. त्याच्या आधी काय देव तहानेनं मेला होता? भोपळ्यातनं जायचं पाणी."

बारकीनं हात धुतले आणि कौलांखाली बघितलं. बियांसाठी राखलेले दोन भोपळे वाशाला टांगलेले होते, वाळून खडखडीत झालेले.

बाई त्या डोंगराच्या माथ्यावर गेलेली पाड्यात कुणी बघितली नव्हती. जाऊ नये असंही कुणी कधी बोललं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. बारकी सांजच्याला हाल्या भगताकडं गेली. म्हातारा अंगणात विडी वळत होता.

"हाल्याबाबा, यंदा आमच्या घराचं पाणी घेऊन मी येते."

"विचारतेस का सांगतेस?"

"सांगते."

हाल्यानं विडी पेटवली, दोन झुरके घेतले. "बाई नको, असं देव मला तरी कधी बोलला नाय. पाडा बोलेल."

"पाड्याला मी बघते."

बघायचं होतं ते आधी स्वतःच्या पायाला. दोन वर्षांमागं भाऱ्याखाली सापडून तिचा डावा घोटा मुरगळला होता; हाड बसलं, पण वाकडं बसलं. सपाटीवर कळत नसे. चढावर मात्र तो पाय उसन्यासारखा वागायचा. दुसऱ्या दिवसापासून बारकी उजाडायच्या आत पाणवठ्यावर जायची, हंडा भरायची आणि घरी आणायच्या ऐवजी डोंगराची वाट धरायची. पहिल्या दिवशी सागाच्या रांगेपाशीच घोटा सुजला. घरी येऊन तिनं करंजाचं तेल चोळलं, रुईचं पान तव्यावर शेकून बांधलं. पुढच्या दिवशी रांगेच्या थोडी वर गेली. मग आणखी थोडी. खाली उतरताना लाकडं गोळा करायची, म्हणजे फेरी फुकट जायला नको.

पाणवठ्यावर लोकांना करमणूक झाली.

"बारके, डोंगरावर घर बांधतेस काय?" एकीनं विचारलं.

"हो. तू बघायला येशील तेव्हा चहा पाजीन."

झिपरू म्हणून एक होता, भगताचा पुतण्या, जिभेला हाड नसलेला. तो बैलांना पाणी पाजता पाजता म्हणाला, "लंगडी कोंबडी उडून उडून कुठवर उडंल? कुडावर!"

"कुडावर बसली की तुझ्याच डोक्यावर हगंल," बारकी म्हणाली आणि हंडा उचलून चालू लागली. बैलसुद्धा पाणी प्यायचे थांबले, असं तिथल्या बाया सांगतात.

भोपळ्याचं काम डोसीच्या देखरेखीखाली चाललं. देखरेख म्हणजे कानरेख. डोसी भोपळ्यावर बोटांनी टिचकी मारायची आणि कान लावून ऐकायची. "ह्याला तापल्या लोखंडानं तोंड पाड. हळू. लग्नाला उशीर नाय होत तुला." बारकीला कुठला धीर, तिनं विळ्याचं टोक लाल केलं आणि दाबलं. भोपळा तोंडापासून बुडापर्यंत चरकन फाटला.

डोसीनं दोन्ही फाका बोटांनी चाचपल्या आणि बाजूला सारल्या. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

आता एकच उरला होता. तो बारकीनं मांडीवर घेतला, आजारी लेकराला घेतात तसा, आणि लोखंड तापवून फिरवत फिरवत, फुंकत फुंकत त्याला तोंड पाडलं. काडीनं बिया उकरून काढल्या. राख आणि पाणी घालून खळखळवलं, ओतलं, पुन्हा भरलं. पहिलं पाणी असं कडू की डोसी थुंकली. "देवाला हे पाजशील तर देव तुझ्या वाट्याचं गवत जाळंल." रोज भरायचं, रोज ओतायचं, रात्री चुलीवरच्या धुरात टांगायचं. करता करता एका सकाळी डोसीनं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. तेवढंच. बारकी समजली.

मधेच गंजाडहून लेक आली, शितल. नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट पिशवीत घालून आणले होते. "आयस, हे घाल. नायतर कशाला हे सगळं, चल माझ्याकडं. पाणी तरी दारात हाय."

"पाणी दारात हाय म्हणून घर सोडायचं?" बारकीनं बूट घातले, अंगणात चार पावलं टाकली आणि काढून दिले. "पायाचे डोळे झाकल्यासारखं वाटतं. जावयाला परत दे."

चढायच्या आधी पाडा भगताच्या अंगणात जमला. नांगऱ्याच्या माथ्याखाली एक कातळ आहे, माणसाच्या दीड उंचीचा. त्याला घोडा म्हणतात. तिथं दोन्ही हात लागतात. म्हणून बाप्ये जोडीनं चढायचे. एकानं दोघांचे तांबे धरायचे, दुसऱ्यानं वर जाऊन पालथं पडून ते घ्यायचे. धाकल्याची जोडी दर वर्षी पांड्याशी. त्या दिवशी धाकल्या उठला आणि म्हणाला, "एक गोष्ट आताच सांगतो. भलत्या घराचं पाणी कुणी हातात धरायचं नाय. जोडी सोडून नाय. नायतर उद्या कोण कुणाचंही पाणी चढवंल."

सगळ्यांना कळलं हे कुणासाठी आहे. माना हलल्या.

"आणि दोन घरांचं पाणी चढवणारा तू कोण रं?" मागून बारकीनं विचारलं.

"ते एकाच घराचं!"

"मग आज तुझ्या बायकोला सांग, माझी पण भाकरी भाज."

लोक हसले, पण ठरलं ते ठरलं. घरी येताना बारकीच्या डोळ्यांसमोर घोडाच उभा होता. भोपळा डोक्यावर ठेवून तिथं चढता यायचं नाही, हातात धरून तर नाहीच. चुलीपुढं बसून ती विचार करत राहिली. मग आठवलं: शितल अंगावर पीत होती तेव्हा तिला पाठीला बांधून ह्याच डोंगरावर गवत कापलंय की आपण. दोन्ही हात विळ्याला मोकळे असायचे.

"डोसी, सुतळी हाय का?"

डोसीनं अंबाडीच्या सुतळीचं जाळं विणलं, न बघता, बोटांनी गाठी मोजत. बारकीनं जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला. भोपळा जाळ्यात, जाळं पट्ट्यात, पट्टा छातीवर गाठ मारून. भरलेला भोपळा पाठीला लागला तेव्हा गारवा पार मणक्यात शिरला. ती वाकली, उड्या मारल्या, उकिडवी बसली. थेंब सांडला नाही. तोंडाला पळसाची पानं आणि वर मेण घट्ट बसवलं होतं.

"पोर रडत नाय ना?" डोसीनं विचारलं.

"गुणी हाय," बारकी म्हणाली. खूप दिवसांनी हसली.

डोंगर चढायच्या दिवशी बाप्ये पुढं, बारकी सगळ्यांत शेवटी. कुणी तिच्याशी बोललं नाही. सागाची रांग गेली, बांबूचं बेट गेलं. गवत कमरेएवढं, दवानं लुगडं मांडीपर्यंत ओलं. पुढचे बाप्ये हात बदलत होते, थांबत होते, विडीसाठी तांबे जोडीदाराकडं देत होते. बारकी थांबली नाही. थांबलं की घोटा आठवतो. माथ्याखालच्या वळणावर घोट्यातून कळ आली तेव्हा तिनं त्याला मोठ्यानं एक शिवी हासडली, आणि तो निमूट चालायला लागला.

घोड्यापाशी पोचली तर कातळाखाली एकटा धाकल्या. बाकीचे वर पोचलेले. धाकल्याच्या हातात तांब्या, आणि तोंड असं, जसं घरातलं सगळं मीठ सांडलंय.

तो वरती बघून ओरडत होता, "झिपऱ्या, खाली उतर! तांब्या धर जरा!"

वरून झिपरूचं डोकं बाहेर आलं. "मी कसा धरू? तूच बोललास ना अंगणात, जोडी सोडून कुणी धरायचं नाय. तुझा जोडीदार बघ."

जोडीदार पांड्या तर खाली पाड्याबाहेर झाडाखाली पुरला होता. आपण जे दार बारकीसाठी लावलं त्यात आपलंच बोट अडकलं, हे धाकल्याला तिथं, कातळाला टेकल्यावर कळलं. तांब्या खाली ठेवावा तर घर बंद. त्याचं स्वतःचं.

बारकी त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. धाप टाकत होती. वर काठावर एकेक डोकं गोळा झालं.

धाकल्यानं तिच्याकडं न बघताच विचारलं, "वयनी... धरतेस?"

"भलत्या घराचं पाणी?"

"पांड्यादादाच्या जागी तूच आता. जोडी... जोडीच हाय की."

"आण."

त्यानं तांब्या दिला आणि बोटं खाचांत रुतवून वर गेला. वर जाऊन पालथा पडला, हात खाली सोडला. बारकी खाली उभी. पाठीवर तिचं पाणी, हातात त्याचं. तांब्याची ती चेपलेली मान तिच्या अंगठ्याखाली बरोबर बसली; दर वर्षी घासून देणारा अंगठा तोच होता.

"दे ना गे," धाकल्या म्हणाला.

"आधी सांग. माझं घर चालू हाय का बंद?"

"चालू हाय. दे."

"मला ऐकू आलं. वरच्यांना नाय आलं."

धाकल्यानं मान वळवली. सगळा पाडा त्याच्या पाठीमागं उभा होता. "वयनीचं घर चालू हाय!" तो ओरडला. पलीकडच्या दरीतून डोंगर तेच परत बोलला.

मग तिनं तांब्या वर दिला. तो तिला हात द्यायला वाकला. तिनं घेतला नाही. दोन्ही हात मोकळे होतेच तिचे. वाकडा पाय आधी, सरळ पाय मागून, पोट कातळाला घासत ती वर आली.

देवाच्या दगडापाशी हाल्या भगत एकेक घर पुकारत होता. माणूस पुढं व्हायचा, पाणी ओतायचा. शेवटी त्यानं पुकारलं, "पांड्याचं घर?"

"पांड्या घरात नाय, बाबा. मी हाय. बारकीचं म्हणा."

हाल्यानं तिच्याकडं बघितलं. मग घसा साफ केला. "बारकीचं घर?"

"आलंय."

तिनं पट्टा सोडला, मेण खरवडलं, भोपळा उपडा केला. पाणी बुडबुड करत दगडावरून ओघळलं. तांब्यातून असा आवाज येत नाही. दोन-चार जणांनी तो पहिल्यांदाच ऐकला. हाल्यानं काठी उचलली आणि घळीपासून त्या मोडक्या सागापर्यंतचा उतार दाखवला. पांड्या कापायचा तोच.

बाप्ये खाली उतरायला लागले. बारकी दगडावर बसून घोटा चोळत होती. धाकल्या तिथंच घुटमळत होता, रिकामा तांब्या हातात.

"धाकल्या," ती म्हणाली, "तो तांब्या सांजच्याला घरी आणून ठेव."

"आणतो."

"चिंच लावून घासून आण. वर्षाचा कळकटलाय."